विज्ञान मंडळांना ठरलेला वार हवा, छापील कार्यवृत्त हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आगेमागे आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानांवर महाविद्यालयांतील विज्ञान मंडळांच्या बातम्या ओळीने येतात. दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचे भाषण, पोस्टर स्पर्धेचा निकाल, आभारप्रदर्शन आणि एक सामूहिक छायाचित्र एवढा मजकूर त्यांत असतो. मार्च उजाडला की परीक्षांची गडबड सुरू होते आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत या मंडळांचे नाव कानावर येत नाही. माझी सारी नोकरी पदार्थविज्ञान शिकवण्यात गेली आणि त्यातली बरीच वर्षे कॉलेजच्या विज्ञान मंडळाचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे हे सारे मी आतून पाहिले आहे. मंडळ चालवणाऱ्या शिक्षकांच्या निष्ठेविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु असे मंडळ टिकते कशाच्या बळावर, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर शोधताना इंग्लंडातल्या एका कॉलेजांच्या गावातील संस्थेचा इतिहास मला फार उपयोगी पडला. १८१९ साली स्थापन झालेली केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटी ती हीच. तिच्याविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे, म्हणून हे पत्र थोडे लांबले तर कृपया सांभाळून घ्यावे.

मराठी वाचकाला केंब्रिज परके नाही. रँग्लर परांजपे आणि जयंत नारळीकर यांच्यामुळे ते नाव घरोघरी पोचले आहे. मात्र आपण केंब्रिजची गोष्ट सांगतो ती माणसांची : न्यूटन, डार्विन, मॅक्सवेल, रामानुजन. जणू प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा बसला आणि एके दिवशी सिद्धान्त घेऊन बाहेर आला. यांपैकी न्यूटननंतरचे तिघेही ज्या एका संस्थेच्या सभांतून किंवा छापील अंकांतून जगापुढे आले, तिचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही.

१८१९ चे केंब्रिज हे एक छोटे गाव होते आणि विद्यापीठावर चर्चचा पगडा होता. गणिताची परीक्षा अतिशय कठीण आणि प्रतिष्ठेची. खनिजशास्त्र, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र यांचे प्राध्यापक होते, पण त्या विषयांत पदवीची परीक्षाच नव्हती, त्यामुळे त्यांच्या व्याख्यानांना बसायचे ते केवळ हौसेने. निसर्गविज्ञानाची स्वतंत्र परीक्षा केंब्रिजमध्ये पहिल्यांदा झाली ती १८५१ साली. म्हणजे विद्यापीठाने विज्ञानाला अभ्यासक्रमात मानाचे पान दिले त्याच्या तीस वर्षे आधी गावातल्या काही मंडळींनी ते आपल्या वर्गणीतून मांडले होते.

त्या वर्षीच्या ईस्टरच्या सुट्टीत ॲडम सेजविक आणि जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो हे दोघे खडक आणि जीवाश्म पाहायला आइल ऑफ वाइट या बेटावर गेले. सेजविक आदल्याच वर्षी भूशास्त्राचा प्राध्यापक झाला होता. हेन्स्लो अवघा तेविशीचा, नुकताच पदवीधर झालेला. आपण जे पाहिले ते सांगायला केंब्रिजमध्ये जागा नाही आणि दुसरे कोणी काय पाहत आहे हे कळायलाही मार्ग नाही, ही खंत त्या भटकंतीत दोघांनी एकमेकांपाशी बोलून दाखवली. परत आल्यावर त्यांनी खनिजशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड डॅनिएल क्लार्क यांना गाठले. क्लार्क मोठे प्रवासी होते, विद्यापीठात त्यांच्या शब्दाला वजन होते. २ नोव्हेंबर १८१९ रोजी इच्छुकांची बैठक झाली आणि १५ नोव्हेंबरला संस्थेची पहिली सर्वसाधारण सभा भरली. क्लार्क तीनच वर्षांनी वारले, तरी संस्था डगमगली नाही.

हे वाटते तितके सोपे नव्हते. सात वर्षांपूर्वी, १८१२ मध्ये, याच गावात चार्ल्स बॅबेज, जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक या विद्यार्थ्यांनी ॲनॅलिटिकल सोसायटी काढली होती. इंग्लंडातले कलनशास्त्र (कॅल्क्युलस) न्यूटनच्या जुन्या चिन्हांत अडकून पडले आहे, ते युरोपातल्या नव्या पद्धतीने शिकवले जावे, हा त्यांचा आग्रह होता आणि पुढे तो सफळही झाला. बुद्धीच्या बाबतीत त्या तिघांपुढे उभे राहणे कोणालाही अवघड गेले असते. तरीही त्यांची संस्था दोन-तीन वर्षांत संपली, कारण मंडळी शिक्षण पुरे करून पांगली. आपल्या कॉलेजांतील मंडळांचेही नेमके हेच होते : हुशार विद्यार्थ्यांची एक तुकडी येते, झपाटून काम करते, शेवटच्या वर्षाचा निकाल लागतो आणि मंडळ त्यांच्याबरोबर गाव सोडते. १८१९ च्या संस्थेने यावर दोन साधे उपाय केले. सभेचा वार ठरवून टाकला आणि सभेत वाचलेले निबंध छापायला सुरुवात केली.

वाराविषयी थोडे सविस्तर सांगतो. या संस्थेत वाचल्या गेलेल्या काही प्रसिद्ध निबंधांच्या तारखा उपलब्ध आहेत. त्या तारखांचे वार मी दिनदर्शिकेच्या गणिताने काढून पाहिले. पहिली सर्वसाधारण सभा, १५ नोव्हेंबर १८१९ : सोमवार. जॉर्ज एअरीचा डोळ्यावरील निबंध, २१ फेब्रुवारी १८२५ : सोमवार. डार्विनची पत्रे, १६ नोव्हेंबर १८३५ : सोमवार. द्रवांच्या अंतर्गत घर्षणावरील स्टोक्सचा निबंध, १४ एप्रिल १८४५ : सोमवार. फॅरडेच्या बलरेषांवर मॅक्सवेलने वाचलेला निबंध, १० डिसेंबर १८५५ आणि ११ फेब्रुवारी १८५६ : दोन्ही सोमवार. जे. जे. थॉमसनचे ऋणकिरणांवरील (कॅथोड किरणांवरील) निवेदन, ८ फेब्रुवारी १८९७ : सोमवार. लॉरेन्स ब्रॅगचा क्ष-किरण आणि स्फटिकांवरील निबंध, ११ नोव्हेंबर १९१२ : पुन्हा सोमवार. या मधल्या ९३ वर्षांत इंग्लंडात सहा राजे-राण्या झाल्या, केंब्रिजला रेल्वे आली, गावाचा तोंडवळा बदलला, पण या सभांचा वार बदललेला दिसत नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही होते त्याला ते कुठे आणि कधी सांगायचे हे आधीपासून ठाऊक असे. आजवर जी मंडळे मी पाहिली त्यांत ‘प्रमुख पाहुण्यांच्या सोयीनुसार’ तारीख ठरते, आणि पाहुण्यांची सोय वर्षातून एकदाच होते.

आता यातला एक सोमवार जवळून पाहण्यासारखा आहे. जॉर्ज एअरी त्या वेळी २३ वर्षांचा होता. आपला डावा डोळा जवळजवळ निकामी आहे आणि वाचताना आपण तो डोळा वापरतच नाही, असे त्याच्या लक्षात आले. नेहमीच्या भिंगांनी काही उपयोग होईना. दिवा किंवा तारा पाहिला की ठिपक्याऐवजी लांबट रेघ दिसे. एअरीने एका कार्डाला बारीक सुईने छिद्र पाडले, ते उजेडासमोर धरले आणि डोळ्यापासूनचे अंतर मोजत ते मागे-पुढे सरकवले. एका अंतरावर ते छिद्र तिरप्या रेघेसारखे स्पष्ट दिसे. कार्ड आणखी जवळ आणले की रेघ मोडे आणि मग पहिलीला काटकोनात असलेली दुसरी रेघ उमटे. यावरून त्याने ओळखले की आपला डोळा दोन परस्परलंब दिशांना वेगवेगळ्या ताकदीने प्रकाश वळवतो आहे. त्या दोन अंतरांवरून त्याने एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला नळकांड्यासारखा वक्र असलेल्या भिंगाचे गणित केले, इप्सविच गावच्या फुलर नावाच्या चष्मेवाल्याकडून ते भिंग घासून घेतले आणि डोळ्याला लावले. डोळा वाचू लागला. हे सारे त्याने केंब्रिजच्या सभेत वाचून दाखवले आणि संस्थेने ते आपल्या ‘ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकात छापले. आज आपल्यापैकी कितीतरी जणांच्या चष्म्याच्या नंबराच्या चिठ्ठीवर ‘सिलिंडर’ आणि ‘ॲक्सिस’ असे दोन रकाने असतात. त्यांचा उगम एका तरुण शिक्षकाने स्वतःच्या डोळ्यावर केलेल्या आणि गावच्या सभेत सांगितलेल्या या प्रयोगात आहे. यासाठी सुई, कार्ड, पट्टी आणि एक हुशार चष्मेवाला पुरला. अशी सामग्री आपल्या कोणत्या तालुक्याच्या गावी मिळणार नाही?

संस्थेचे नियम सुरुवातीला अरुंद होते, हेही नोंदवले पाहिजे. सभासद व्हायला केंब्रिजची पदवी लागे, त्यामुळे गावातला कारागीर बाहेर राही, आणि स्त्रियांना त्या काळी विद्यापीठाचेच दार बंद होते. पूर्ण पदवी स्त्रियांना देण्यासाठी केंब्रिजने १९४८ साल उजाडू दिले. ही त्या इतिहासातली मोठी उणीव आहे आणि तिचे समर्थन मी करणार नाही. तरी त्याच अरुंद दारातून एक माणूस आत आला, त्याची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही.

जॉर्ज ग्रीन हा नॉटिंगहॅमजवळच्या एका पवनचक्कीवाल्याचा मुलगा. लहानपणी त्याचे शालेय शिक्षण जेमतेम वर्षभर झाले. चक्कीवर दळण दळत, गावच्या वर्गणीदार ग्रंथालयातून मिळेल ते वाचत त्याने गणित आत्मसात केले आणि १८२८ साली वीज आणि चुंबकत्व यांच्या गणितावर एक निबंध वर्गणीदार जमवून छापला. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यातले काही कळले नसावे. एडवर्ड ब्रॉमहेड या केंब्रिजमध्ये शिकलेल्या जमीनदाराला मात्र त्याची किंमत कळली आणि त्याच्यामार्फत ग्रीनचा पुढचा निबंध १२ नोव्हेंबर १८३२ रोजी केंब्रिजच्या या सभेत वाचला गेला. तोही सोमवारच. ग्रीन तेव्हा सभासद नव्हता, विद्यार्थीही नव्हता. पुढल्या वर्षी चाळिशीत तो केंब्रिजला शिकायला आला आणि पाण्याच्या लाटा, ध्वनी, प्रकाश यांवरचे त्याचे निबंध याच संस्थेने छापले. १८४१ मध्ये तो वारला तेव्हा त्याचे मोठेपण फार थोड्यांना उमगले होते. आज भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी ‘ग्रीन्स फंक्शन’ शिकल्यावाचून पुढे जात नाही. सभेच्या चिटणिसाकडे कागद आला, तो वाचला गेला, छापला गेला आणि म्हणून उरला, एवढाच त्या संस्थेचा यातला वाटा. पण तो नसता तर पुढच्या पिढीला काय सापडले असते?

डार्विनची गोष्ट अधिक परिचित आहे, पण तिचा हा भाग कमी सांगितला जातो. ‘बीगल’ जहाजावरून तो आपला गुरू हेन्स्लो याला पत्रे आणि नमुन्यांच्या पेट्या पाठवत असे. संस्थेच्या स्थापनेपासून धडपडणारा हेन्स्लो हाच. १६ नोव्हेंबर १८३५ च्या सभेत त्याने त्या पत्रांतले उतारे वाचून दाखवले. सभासदांना ते इतके आवडले की संस्थेने त्यांची ३१ पानांची पुस्तिका सभासदांत वाटण्यासाठी छापून घेतली. त्या दिवशी डार्विन ताहिती बेटावर होता आणि आपली पत्रे कोणी सभेत वाचत आहे याची त्याला कल्पनाही नव्हती. महिन्यांनी ते कळल्यावर, घाईघाईत लिहिलेले कागद परस्पर छापले गेले म्हणून तो धास्तावला. पण १८३६ च्या ऑक्टोबरात तो इंग्लंडला परतला तेव्हा भूशास्त्रज्ञांच्या वर्तुळात त्याचे नाव आधीच पोचले होते. प्रवासात जमवलेले मासे त्याने याच संस्थेच्या संग्रहालयाला दिले. गुरूने शिष्याचे पत्र खिशात ठेवले नाही, मंडळापुढे ठेवले, यात मला शिक्षक म्हणून विशेष वाटते.

१८३२ मध्ये राजा चौथ्या विल्यमने संस्थेला सनद दिली आणि पुढल्या वर्षी ऑल सेंट्स पॅसेज या गल्लीत तिचे स्वतःचे घर उभे राहिले. त्यात सभागृह, वाचनालय आणि संग्रहालय होते. वाचनालय कसे वाढले हे आपल्या मंडळांनी नीट लक्षात घ्यावे. संस्था आपले छापील अंक इतर विद्वत्सभांना पाठवी आणि बदल्यात त्यांचे अंक तिच्याकडे येत. अशा देवाणघेवाणीतून, प्रत्येक नियतकालिकाची वेगळी वर्गणी न भरता, या गावी विज्ञानाच्या नियतकालिकांचा मोठा साठा जमला. पुढे घराचा आणि संग्रहालयाचा खर्च सभासदांच्या वर्गणीला झेपेनासा झाला. तेव्हा संस्थेने १८६५ मध्ये संग्रहालय विद्यापीठाच्या हवाली केले आणि १८८१ मध्ये ग्रंथसंग्रहही विद्यापीठाच्या आवारात नेला. त्यातूनच पुढे विद्यापीठाचे विज्ञान ग्रंथालय वाढले. काहींना यात संस्थेची पीछेहाट दिसेल. माझ्या मते तो तिच्या इतिहासातला अतिशय शहाणा निर्णय होता. इमारतीचा मोह सोडून तिने सभा आणि छपाई हे आपले मूळ काम हातात ठेवले, म्हणून ती जगली. आपल्याकडे अनेक संस्थांची सारी शक्ती सभागृह बांधण्यात खर्ची पडते आणि बांधून झाल्यावर त्यात भरवायला सभा उरत नाही.

पुढच्या काळाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो पाठ्यपुस्तकांत आहे. १८४५ मध्ये स्टोक्सने वाचलेल्या निबंधातील समीकरणांवर आजचे हवामानाचे अंदाज आणि विमानांची रचना उभी आहे. स्टोक्सचा जन्म संस्थेच्याच जन्मवर्षीचा, १८१९ चा. ब्रॅग १९१२ च्या त्या सोमवारी २२ वर्षांचा संशोधक विद्यार्थी होता, त्याच्या वतीने निबंध जे. जे. थॉमसनने सादर केला आणि तीन वर्षांनी त्याला वडिलांसह नोबेल मिळाले. ‘ब्रॅगचा नियम’ बी. एस्सी.च्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावा, तो सांगेल. तो नियम पहिल्यांदा कुठे वाचला गेला हे मात्र मी शिकवत असताना मलाही कोणी विचारले नाही.

आता आपल्याशी थेट नाते असलेला भाग. १९१६ साली याच संस्थेच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’च्या २२ व्या खंडात श्रीनिवास रामानुजन यांचा एक निबंध छापून आला. त्यात त्यांनी एका विशिष्ट अनंत गुणाकारातून निघणाऱ्या संख्यांचा अभ्यास केला. गणितात त्या ‘टाऊ’ या ग्रीक अक्षराने ओळखल्या जातात. त्यांच्या गुणधर्मांविषयी रामानुजन यांनी काही अनुमाने सिद्धतेविना मांडली. त्यांपैकी काही मॉर्डेल या गणितज्ञाने पुढल्याच वर्षी, याच संस्थेच्या दुसऱ्या नियतकालिकात, सिद्ध केली. सर्वांत अवघड अनुमान सिद्ध व्हायला १९७४ साल आणि पिएर दलिन्य हा बेल्जियन गणितज्ञ यावा लागला. फेब्रुवारी १९१८ मध्ये संस्थेने रामानुजन यांना आपले फेलो निवडले.

पण हे रामानुजन केंब्रिजला पोचले तरी कसे? त्यांचा पहिला निबंध १९११ साली ज्या नियतकालिकात छापला गेला ते इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे होते. ही संस्था व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांनी ४ एप्रिल १९०७ रोजी स्थापन केली. तिचे पहिले नाव ॲनॅलिटिक क्लब. केंब्रिजच्या त्या अल्पायुषी विद्यार्थी मंडळाच्या नावाशी ते जुळते, म्हणून नोंदवतो. देशभर विखुरलेल्या गणिताच्या शिक्षकांना परदेशी ग्रंथ आणि नियतकालिके पाहायलाही मिळत नव्हती. तेव्हा सर्वांनी वर्गणी काढावी, त्यातून ती मागवावीत आणि टपालाने सभासदांमध्ये फिरवावीत, हा संस्थेमागचा मूळ हेतू. तिचे ग्रंथालय होते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, जिथे तेव्हा रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे प्राचार्य होते. हेच परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत संयुक्तपणे पहिले आले होते. १९०९ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. दोनच वर्षांनी नोकरीच्या शोधात फिरणाऱ्या, पदवी नसलेल्या एका तरुणाला त्या पानांवर जागा मिळाली. पुण्यातल्या कॉलेजातून टपालाने निघणारी पुस्तके आणि केंब्रिजमधल्या सोमवारच्या सभा हे एकाच प्रकारचे काम होते, आणि आपल्या माणसांनी ते उत्तम करून दाखवले होते. म्हणून ‘ते इंग्रज, त्यांच्याकडे पैसा आणि सत्ता’ हा आक्षेप मला मान्य नाही. पैसा आणि सत्ता त्यांच्याकडे होतीच, पण संस्था निघाली ती वर्गणीवर, आणि आपली निघाली तीही वर्गणीवरच.

देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे याच परंपरेतले. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ मध्ये त्यांनी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळवले होते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हेच पुन्हा पुन्हा करावे, की फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. कापरेकरांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. एरवी ते आपल्या पुस्तिका पदरमोड करून छापत. शाळामास्तराला परिषदेत उभे राहायला जागा मिळाली, म्हणून आज ‘कापरेकर स्थिरांक’ जगाला माहीत आहे. देवळालीत किंवा नाशकात दर महिन्याला भरणारी आणि आपले वृत्त छापणारी एखादी सभा असती, तर त्यांच्या वह्यांतले आणखी किती बाहेर आले असते याचा विचार मनात येतो. १९६६ पासून काम करणाऱ्या मराठी विज्ञान परिषदेने ठिकठिकाणी विभाग काढून आणि पत्रिका चालवून ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली, हे कृतज्ञतेने नमूद करतो. पण प्रत्येक कॉलेजच्या गावची सभा ती एकटी चालवू शकत नाही.

मी ज्या मंडळाचे काम पाहिले त्याच्याकडे एक जाड बांधणीची इतिवृत्ताची वही होती. माझ्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांतील शिक्षकांनी ती लिहिली होती. कोणत्या वर्षी पाऊस किती पडला, विहिरींची पाणीपातळी किती उतरली, आकाशात धूमकेतू कोणत्या दिशेला आणि किती अंश उंचीवर दिसला, गच्चीवर मांडलेल्या दुर्बिणीतून कोणी काय पाहिले, याच्या नोंदी तीत होत्या. एका विद्यार्थ्याने आपल्या गावच्या ओढ्यातल्या बेडकांच्या जातींवर वाचलेला निबंध पूर्ण उतरवून ठेवला होता, बाजूला शिसपेन्सिलीने काढलेली चित्रेही होती. मी निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळेचे नूतनीकरण झाले, कपाटे रिकामी करण्यात आली आणि ती वही जुन्या जर्नलांबरोबर रद्दीत गेली. चौकशी केली तेव्हा ‘मूल्यांकनाच्या फायलींत तिची गरज नव्हती’ असे उत्तर मिळाले. कॉलेजचे नाव मी लिहीत नाही, कारण हे एकट्या त्या कॉलेजचे दुखणे नाही. वीस वर्षांपूर्वीच्या विज्ञान मंडळाचे इतिवृत्त आजही दाखवू शकेल अशी महाविद्यालये फार थोडी असतील, असा माझा अनुभव आहे. ओढ्यातले ते बेडूक आता उरले आहेत की नाही हे तपासायचे, तर ती वहीच एक आधार होती.

म्हणून विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांना माझी विनंती अशी की फेब्रुवारीचा सोहळा खुशाल करावा, पण त्याआधी वर्षभरासाठी महिन्याचा एक वार ठरवावा, उदाहरणार्थ दुसरा शनिवार, आणि पाहुणे असोत वा नसोत, त्या दिवशी सभा भरवावी. सभेत एकाच विषयावर, स्वतः पाहिलेल्या किंवा मोजलेल्या गोष्टीवर, कोणीतरी वीस मिनिटे वाचावे. वाचणारा प्राध्यापकच असावा असे नाही. प्रयोगशाळा परिचर, आयटीआयचे निदेशक, गावातले डॉक्टर, चष्म्याचे दुकानदार, पर्जन्यमापक ठेवणारे शेतकरी आणि या सगळ्या क्षेत्रांतल्या स्त्रिया यांना दार सताड उघडे असावे, म्हणजे केंब्रिजने सुरुवातीला केलेली चूक आपल्याकडून होणार नाही. सभेचे वृत्त चिटणिसाने त्याच आठवड्यात चार पानांत टंकित करावे आणि त्याच्या छापील प्रती शेजारच्या तीन-चार गावांच्या मंडळांना टपालाने पाठवून त्यांचे वृत्त मागवून घ्यावे. मोबाइलवरच्या गटात फिरणाऱ्या छायाचित्रांनी हे काम होत नाही, कारण फोन बदलला की ती जातात. कागद कपाटात राहतो, आणि शेजारच्या गावी दुसरी प्रत असली तर एका ठिकाणी कपाट रिकामे झाले तरी तो हरवत नाही.

आपल्याकडेही एक मागणे आहे. आपल्या जिल्हा पानांवर महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्ध्या स्तंभाची जागा विज्ञान मंडळांच्या सभांच्या वृत्तासाठी राखून ठेवावी. त्यात छायाचित्र, हारतुरे आणि मान्यवरांची यादी नको. सभेत काय वाचले गेले, काय मोजले गेले आणि त्यावर कोणता प्रश्न विचारला गेला, एवढेच छापावे. पहिले सहा महिने मजकूर कमी पडला तर पुण्यातल्या आणि आसपासच्या मंडळांकडून तो मिळवून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

आणि ज्या वाचकांच्या घरी, माळ्यावर किंवा ट्रंकेत, वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची एखाद्या विज्ञान मंडळाची इतिवृत्ताची वही, हस्तलिखित अंक, भित्तिपत्रकाचे कागद किंवा निरीक्षणांच्या नोंदी पडून असतील, त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत घालू नयेत. आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात त्या नेऊन द्याव्यात, दाखल नोंदवहीत त्यांचा क्रमांक टाकून घ्यावा आणि ग्रंथपालांच्या सहीची पोच मागून घ्यावी.

आपला विश्वासू,
पदार्थविज्ञानाचा एक निवृत्त प्राध्यापक,
पुणे